दिवाळीच्या सुट्टीत मेळघाट: रजेच्या अर्जापासून परतीच्या गाडीपर्यंत

वऱ्हाडातल्या खेड्यांतून तालुक्याच्या गावी शिकायला येणाऱ्या मुलामुलींची दिवाळीची सुट्टी ही बरीचशी नावापुरतीच सुट्टी असते. सोयाबीन निघून बाजारात गेलेले असते किंवा अजून घरातच पडून असते, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कापसाचा पहिला वेचा सुरू झालेला असतो, हरभऱ्याची उरलीसुरली पेरणी जमिनीत ओल आहे तोवर आटोपायची असते, आणि अशा वेळी कॉलेजातून घरी आलेले पोर म्हणजे घरच्या हिशेबात दोन जास्तीचे हात. त्यामुळे मित्रमैत्रिणींनी मिळून चार दिवस कुठे जायचे म्हटले की कुठे जायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी कधी, कोणाच्या परवानगीने, कोणत्या गाडीने आणि कोणाकडे मुक्कामाला, हे चार प्रश्न सोडवावे लागतात. यंदा आम्ही ते सोडवले आणि मेळघाटात जाऊन आलो. ते कसे जमले, हे पुढच्या वर्षी जाऊ पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचे महाविद्यालय अमरावती जिल्ह्याच्या सपाटीवर, एका तालुक्याच्या गावी आहे. तिथले निम्म्याहून अधिक विद्यार्थी रोज एसटीने जाणे-येणे करतात. विद्यार्थ्यांच्या पासात भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो, म्हणून कितीतरी घरांतल्या मुलींचे शिक्षण बारावीनंतरही चालू राहिले आहे. कॉलेजचे वेळापत्रक कागदावर प्राचार्य ठरवत असले तरी प्रत्यक्षात ते गाड्यांवर चालते. पहिल्या तासाला वर्ग अर्धा भरतो, पूर्णा नदीकडची गाडी आली की पाऊण होतो आणि दुपारी शेवटचे प्रात्यक्षिक चालू असताना मागच्या बाकावरची मुले घड्याळाकडे पाहू लागतात. दिवाळीच्या आगेमागे तर हजेरीपटावर गैरहजेरीच्या रांगाच लागतात, आणि सरही कारण विचारत नाहीत, कारण त्यांच्याही घरी कापूस असतो.

आम्ही सहा जण बोटॅनिकल गार्डनच्या मागे निंबाखाली बसणारे. आमच्याकडे नावाऐवजी गावाने हाक मारण्याची पद्धत आहे, त्यामुळे आमच्यात एक दर्यापूरवाली, एक वाशीमवाली, एक कारंजावाला, एक अंजनगाववाला, एक धारणीवाला आणि खारपाणपट्ट्यातल्या एका लहानशा गावची मी. धारणीवाला कोरकू आहे. पहिल्या वर्षी तो फारसा बोलत नसे. मराठीचा त्याला सराव होता, पण आमची वऱ्हाडी त्याला समजून घ्यावी लागे आणि आम्हाला त्याच्या भाषेतले तर अक्षरही कळत नसे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, तिचे नातेवाईक दूर झारखंडाकडे संथाली आणि मुंडारी बोलतात, हे मला त्याच्यामुळे कळले. सहलीची कल्पना त्याचीच. ‘तुम्ही सगळे चिखलदऱ्याला जाऊन येता आणि मेळघाट पाहिला म्हणता,’ असे तो एकदा कॅन्टीनमध्ये आलुबोंडा खाताना म्हणाला, आणि त्याचे म्हणणे कोणालाच खोडता आले नाही.

सुरुवात घरच्या परवानगीपासून झाली. मी आईला आडवळणाने विचारले, कारण आमच्याकडे कोणतीही मोठी गोष्ट आधी आईच्या कानावर घालून मग बाबांपर्यंत पोहोचवायची असते. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पोट्टेबी हायेत ना संग? मंग मले काही इचारू नको, तुह्या बाबाले इचार.” बाबांना मुलगे सोबत असण्याचे फारसे काही वाटले नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता: “कापूस कोन येचीन मंग?” मी पहिला वेचा पूर्ण करून देण्याचे कबूल केले. बाबांनी जरा विचार करून तोडगा काढला: “मेळघाटचे लोकं आले का तू मोकळी. मुकादमाचा फोन येऊ दे.”

आमच्या भागात दिवाळीनंतरच्या वेच्यांना गावातल्या बायका पुरत नाहीत. म्हणून मुकादम धारणी-चिखलदरा तालुक्यांतून मजुरांची टोळी आणतो, ती माणसे काही आठवडे शेतातल्या कोठ्यात किंवा गावाबाहेरच्या झोपड्यांत राहतात, कापूस वेचतात, पुढे हरभऱ्याची सोंगणी करतात आणि होळीच्या सुमारास परत जातात. मी लहानपणापासून हे पाहत आले आहे. तरीही माझ्या सहलीची तारीख मेळघाटातून माणसे खाली येण्यावर अवलंबून राहणार आणि मी त्याच वेळी वर जाणार, यात काही विचित्र आहे, हे मला बाबांशी बोलताना जाणवले नाही. ते पुढे जाणवले.

इतरांच्या परवानग्या बऱ्यावाईट मार्गाने मिळाल्या. वाशीमवालीच्या घरी अट पडली की मुक्काम हॉटेलात नको, ओळखीच्या घरीच हवा. दर्यापूरवालीची आत्या परतवाड्याला राहते, त्यामुळे पहिल्या टप्प्याची सोय झाली, आणि पुढचा मुक्काम धारणीवाल्याच्या घरी ठरला. अंजनगाववाल्याला घरून कोणी काही विचारलेच नाही. मुलग्यांच्या बाबतीत ‘जाऊन येतो’ हेच परवानगीपत्र असते.

वसतिगृहाची परवानगी हा मात्र वेगळाच प्रकार होता. हिवाळी परीक्षा तोंडावर असल्याने वसतिगृह सुट्टीतही उघडे होते, आणि आम्हा मुलींना तिथूनच निघायचे होते. रजेच्या छापील अर्जात नाव, खोली क्रमांक, गावी जाण्याचे कारण, परत येण्याची तारीख आणि पालकांची सही एवढेच रकाने आहेत. मुलगी गावाशिवाय आणखी कुठे जाऊ शकते, अशी शक्यता हा अर्ज छापणाऱ्याच्या मनात आलेलीच नसावी. रेक्टर मॅडमनी अर्ज दोनदा वाचला, पेनाने ‘गावी’ हा शब्द खोडून वर ‘इतरत्र’ असे लिहिले, शेजारी आपली लहान सही केली आणि मग परतवाड्याच्या आत्यांना, माझ्या बाबांना आणि धारणीवाल्याच्या मोठ्या भावाला आमच्यासमोर फोन लावले. भावाचा फोन लागायला बराच वेळ गेला, कारण त्यांच्या पाड्यावर रेंज येते ती एका ठरावीक टेकाडावर. तो टेकाडावर येईपर्यंत आम्ही तिघी कार्यालयात उभ्या होतो. मॅडमची ही चौकशी त्या वेळी जाचक वाटली, पण तिच्यामुळेच पुढे घरून सारखे फोन आले नाहीत, हेही खरे.

वनस्पतिशास्त्राच्या सरांना आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले होते की जातच आहोत तर हर्बेरियमसाठी नमुने घेऊन येऊ. सरांनी तिथल्या तिथे बजावले की व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून पानसुद्धा तोडून आणायचे नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो. वहीत चित्र काढा, फोटो घ्या, नाव लिहा आणि सोडून द्या. घरी ‘प्रॅक्टिकलचे काम आहे’ असे सांगून परवानगी मिळवलेल्या दोघांची यामुळे जरा पंचाईत झाली.

राहता राहिला पैसा. वर्गणी सारखी काढायची हे ठरले होते, पण तिकिटापाशी गाडी अडली. मार्च 2023 पासून राज्याच्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कारंजावाला आमचा खजिनदार, कॉमर्सचा विद्यार्थी. त्याने असा प्रस्ताव मांडला की सगळ्यांनी पूर्ण तिकिटाप्रमाणे वर्गणी द्यावी आणि मुलींच्या तिकिटात वाचलेली रक्कम सगळ्यांच्या जेवणखाणाला वापरावी. यावर निंबाखाली जो वाद झाला तो आमच्या कोणत्याही वक्तृत्व स्पर्धेत झाला नसेल. वाशीमवालीचे म्हणणे होते की ही सवलत मुलींना घराबाहेर पडता यावे म्हणून आहे, मुलग्यांच्या रबडीसाठी नाही. शेवटी तिकीट ज्याचे त्याने काढावे आणि बाकी खर्च सहा ठिकाणी वाटावा असे ठरले. माझ्या मते तेच बरोबर होते आणि अजूनही आहे, मात्र खजिनदाराने ते मनापासून मान्य केलेले नाही.

मुक्कामाची चौकशी करताना एक गोष्ट ध्यानात आली. दिवाळीच्या आठवड्यात चिखलदऱ्यातील खोल्यांचे दर विद्यार्थ्यांच्या आवाक्यात राहत नाहीत, आणि सेमाडोह किंवा कोलकासच्या वनविभागाच्या संकुलात राहायचे तर ऑनलाइन आरक्षण बरेच आधी करावे लागते. आम्ही पाहिले तेव्हा जागा शिल्लक नव्हती. जिप्सीतून सफारीचा विचारही भाड्याचा आकडा ऐकून सोडून दिला. ज्याला वाघ पाहण्यासाठीच जायचे आहे त्याने हा मार्ग धरू नये. एसटीच्या खिडकीतून वाघ दिसल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात, दिसलेला मात्र क्वचित.

मुकादमाचा फोन भाऊबीजेनंतर आला, टोळीची गाडी गावात उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहावर पोहोचले. परतवाड्याला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर रस्त्याच्या कडेने मधूनमधून शकुंतलेचे रूळ दिसत राहतात. मूर्तिजापूर ते अचलपूर ही इंग्रजांच्या काळात कापूस वाहण्यासाठी टाकलेली अरुंद रेल्वे आता बंद पडली आहे आणि रुळांमधून बाभळी वाढल्या आहेत. आमचे आजोबा तिने अचलपूरच्या बाजारात जात आणि चालत्या गाडीतून उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढता येत असे, असे सांगत. यातले किती खरे ते देव जाणे, पण वऱ्हाडातल्या प्रत्येक आजोबांकडे शकुंतलेची ही एक गोष्ट असतेच.

आत्यांकडे आमचे उत्तम चालले. पाटवड्यांची भाजी, भाकर आणि दिवाळीचा उरलेला फराळ असा बेत होता. मुलग्यांना ओसरीवर आणि मुलींना आतल्या खोलीत गाद्या टाकल्या होत्या, आणि मधल्या दारात आत्यांनी स्वतःची खाट टाकली होती. त्याबद्दल कोणीही काही बोलले नाही.

चिखलदरा परतवाड्याहून साधारण तीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंचीवर आहे. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. सुट्टीमुळे देवी पॉइंटवर आणि भीमकुंडावर गर्दी इतकी होती की दरी पाहण्याऐवजी दरीसमोर फोटो काढणाऱ्यांच्या पाठी पाहाव्या लागल्या. पंचबोल पॉइंटवर प्रत्येक जण आपापल्या गावाचे नाव ओरडत होता. कॉफीची झाडे मी पहिल्यांदाच पाहिली, महाराष्ट्रात ती इथे वाढतात हे पुस्तकात वाचले होते. जवळच्या मोथा गावच्या गवळ्यांच्या दुधाची रबडी घेतली, आणि हा खर्च सहा ठिकाणी वाटला.

गाविलगडावर मात्र गर्दी नव्हती आणि तिथे आम्ही बराच वेळ काढला. अंजनगाववाला इतिहासाचा विद्यार्थी असल्याने त्याला तिथे विशेष हुरूप आला. दरवाज्यावर दोन डोक्यांच्या पक्ष्याचे, गंडभेरुंडाचे शिल्प कोरलेले आहे. हे विजयनगरचे चिन्ह इकडे वऱ्हाडात कसे आले, असे आम्ही विचारले तेव्हा त्याने सांगितले की वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा होता, लहानपणी कैद होऊन बहमनी राज्यात आला आणि पुढे या किल्ल्याची त्याने डागडुजी केली. ते शिल्प आम्ही हात न लावता जवळून पाहिले: पक्ष्याच्या चोचीत आणि पंजांत हत्ती धरलेले आहेत, आणि एवढ्या मोठ्या पशूला शिल्पकाराने उंदराएवढे केले आहे. पुढे बाहेरच्या तटाशी बसून त्याने 15 डिसेंबर 1803 ची इंग्रज-मराठा लढाई सांगितली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून होता, पण खरा मारा झाला तो उत्तरेकडून. त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढत तोफा तिकडे ओढून नेल्या होत्या, आणि तिथे तट फुटल्यावर किल्ला एका दिवसात पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांचा इंग्रजांशी तह झाला आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा. अंजनगाववाला हे सांगताना नकळत ‘आमच्या गावचा तह’ असे म्हणून गेला, तेव्हा वाशीमवालीने विचारले की ज्यात आपण हरलो तो तह तुझ्या गावचा म्हणून एवढा अभिमान कशाला. त्याच्याजवळ उत्तर नव्हते. पण किल्ल्यावरून खाली पसरलेला सपाट मुलूख पाहताना ही दोन्ही गावे त्या धुक्यात कुठेतरी आहेत, ही कल्पना मलाही आवडली.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून धारणीची गाडी धरली. या टप्प्यासाठी एक सूचना: फलकावरील वेळेवर विसंबू नये, चौकशीच्या खिडकीवर विचारावे, आणि तिथले उत्तर पुन्हा उभ्या असलेल्या एखाद्या वाहकाला विचारून पक्के करावे. घाटांग ओलांडल्यावर सागाचे जंगल सुरू होते आणि रस्ता सेमाडोह, कोलकास, हरिसाल असा धारणीकडे जातो. व्याघ्र प्रकल्पाची योजना 1973 मध्ये सुरू झाली तेव्हा देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. गाडीत धारणीवाला खिडकीपाशी बसला होता. एका वळणावर त्याने लांबच्या टेकाडाकडे बोट दाखवून सांगितले की त्यामागे त्याच्या मामाचे गाव होते. गाभा क्षेत्रातून पुनर्वसन झाले तेव्हा ते गाव उठले, मामाला मोबदला मिळाला, आता तो अकोट तालुक्यात राहतो आणि गावाच्या जागी गवताचे कुरण आहे. गावाजवळच्या देवाला वर्षातून एकदा जायचे तर परवानगी काढावी लागते. ‘म्हणजे तुमच्या रेक्टर मॅडमसारखंच,’ असे तो हसत म्हणाला. आम्ही मात्र हसलो नाही.

सेमाडोहला उतरून निसर्ग निर्वचन केंद्र पाहिले आणि सिपना नदीवर गेलो. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्याचे जे अप्रूप असते ते इतरांना कळणे कठीण आहे. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा आला की आधी नळयोजनेचे पाणी भरलेली घागर पुढे करावी लागते. सिपनेचे पाणी पाहून मी नुसती बराच वेळ हातपाय बुडवून बसले. नदी उतरत चालली होती, खडकांमधून पातळ प्रवाह वाहत होता, आणि तळाचा प्रत्येक गोटा स्वच्छ दिसत होता. तिथल्या रक्षकाने आम्हाला वेळेत रस्त्यावर परतायला सांगितले, ते योग्यच होते.

धारणीवाल्याचे गाव हरिसालवरून आत आहे. 2016 मध्ये हरिसाल देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले होते, त्यामुळे आम्ही रेंजची फार आशा धरून होतो. त्याच्या गावी जाईपर्यंत ती मावळली. काळीपिवळीतून उतरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरली ती गावाची रचना. एकच लांब सरळ वाट, तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, कुडाच्या भिंती माती-शेणाने सारवलेल्या, वाट झाडून इतकी लख्ख की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. त्याच्या आईने आमचे पाय धुवायला पाणी दिले. रात्री कुटकीचा भात, तुरीचे वरण आणि रानभाजी असे जेवण झाले. त्याचे वडील फार बोलत नव्हते, पण पूर्वी गावात कोणी आजारी पडले की बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्याकडे कसे न्यावे लागे, हे त्यांनी सांगितले. या दांपत्याला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पाड्यावर काहींना ती कसली पदवी हे ठाऊक नव्हते, डॉक्टर मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

सकाळी वाटेने फिरताना लक्षात आले की दोन्ही ओळींत कितीतरी दारांना कुलपे आहेत. काही घरांपुढे म्हातारे बसलेले, काही घरांपुढे कोणीच नाही. मी विचारायच्या आधीच धारणीवाला म्हणाला, “गेले खाली. तुमच्याकडंच.” उरलेल्यांची तयारी चालू होती. एका अंगणात भांडी, घोंगड्या, कुटकीचे पोते आणि टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या अशी मांडामांड होती. तिथल्या बाईने, धारणीवाल्याच्या काकूने, मला गाव विचारले. मी सांगितले. तिला ते माहीत होते. आमच्या शेजारच्या गावी तिने दोन हंगाम वेचणी केली होती, आमचा पाणवठा, मारुतीचे देऊळ, चक्की सगळे तिला ठाऊक होते. मग तिने मोडक्या मराठीत पहिला प्रश्न केला: तुमच्याकडे काटा कोणता?

मला आधी कळले नाही. धारणीवाल्याने समजावले की वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि संध्याकाळी गाठोडे ताणकाट्याला लावतात की इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतात, यावर दिवसभराच्या कमाईत फरक पडतो. ताणकाटा जुना झाला की स्प्रिंगचा भरवसा राहत नाही, काटा धरणाऱ्याचा हात हलतो, गाठोड्याच्या फडक्याचे म्हणून वजन वळते करतात. काकूने हाताने गाठोडे उचलल्याचा अभिनय करून दाखवला आणि म्हणाली की तिला हातालाच कळते, वीस किलोचे गाठोडे काट्यावर अठरा भरले तर तिचा हात खोटे बोलत नाही. आमच्याकडे गेल्या हंगामापासून इलेक्ट्रॉनिक काटा आहे, असे मी सांगितले. तिने लगेच विचारले की मग यंदा तुमच्या शेतावर कोणाची टोळी आहे. मला टोळीचे नाव माहीत नव्हते. मुकादमाचे नाव सांगितल्यावर तिने मान डोलावली, कोरकूत धारणीवाल्याशी काहीतरी बोलली आणि दोघेही हसले. काय बोलली ते त्याने मला अजून सांगितलेले नाही.

दिवाळीनंतर मेळघाटात जे आठवडी बाजार भरतात त्यांना घुंगरू बाजार म्हणतात. गुरे राखणारे गोंड-ठाट्या समाजाचे लोक ढोल आणि बासरीच्या सुरावर, अंगावर घुंगरांचा साज चढवून बाजारात नाचतात आणि दुकानदारांकडून, बाजारकरूंकडून बक्षिसी घेतात. आम्ही तो बाजार पाहिला. नाचणाऱ्यांच्या हालचाली सुरुवातीला सारख्याच वाटतात, पण जवळ उभे राहिले की गोल कधी उलटा फिरवायचा हे बासरीवाला ठरवतो हे ध्यानात येते. सूर तुटला की पाय थांबतात आणि क्षणभर सगळा बाजार थांबल्यासारखा होतो. दर्यापूरवालीने तिथे बांगड्या घेतल्या. काकूने त्याच बाजारात मीठ, तेल आणि मुलासाठी प्लॅस्टिकची चप्पल घेतली, कारण खाली तुमच्या बाजारात सगळे महाग मिळते असे तिचे मत होते.

परतीला हरिसालच्या थांब्यावर आम्ही ठरलेल्या वेळेच्या आधी उभे होतो. अपेक्षित गाडी आलीच नाही, पुढची आली तेव्हा थांब्यावर आमच्यापेक्षा अधिक गर्दी बोजे घेऊन जाणाऱ्यांची होती. काकूही त्यांत होती. वाहकाने टपावर काही चढवायचे नाही असे सांगितल्यामुळे पोती, गाठोडी आणि कोंबड्यांची टोपली सगळे आत आले. बायकांनी अर्धे तिकीट घेतले, मुलांच्या वयावरून वाहकाशी थोडी घासाघीस झाली, आणि आमचा खजिनदार मागच्या दारापाशी उभा राहून मांडीएवढ्या पोरीला कडेवर घेऊन परतवाड्यापर्यंत आला. तिच्या आईच्या दोन्ही हातांत बोजा होता. घाटात ती पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली आणि त्याने जागा मिळाली तरी बसायला नकार दिला, कारण ती जागी झाली असती. परतवाडा स्थानकाबाहेर मुकादमाचा टेम्पो उभा होता. काकूने चढता चढता मला ओरडून सांगितले की हरभऱ्याच्या सोंगणीला ती कदाचित आमच्या गावी येईल. आम्ही पुढची गाडी शोधायला आत गेलो.

घरी फोन करून मी बाबांना विचारले की टोळी कुठली आहे. त्यांनी गावाचे नाव सांगितले. ते हरिसालच्या पलीकडचे निघाले. मग मी कोठ्यात लाईट आहे का, पाण्याची टाकी भरलेली असते का, असे विचारू लागले तेव्हा ते म्हणाले, “काहून व, तू सहलीले गेलती का तपासनीले?” दुसऱ्या वेच्याच्या रविवारी मी घरी गेले आणि संध्याकाळच्या मोजणीला काट्याजवळ वही घेऊन बसले. आकडे मी लिहिले, ओरडून सांगितले आणि ज्याचे गाठोडे त्याला दाखवले. बाबांनी हरकत घेतली नाही. काम लवकर उरकते, एवढेच ते म्हणाले.

सहलीचा हिशेब खजिनदाराने परीक्षेआधी चुकता केला. काही रक्कम उरली आणि ती कोणाला परत करायची नाही असे ठरले, कारण त्याला बहिरमच्या यात्रेत हंडीचे मटण आणि रोडगे खायला जायचे आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात ही यात्रा सुरू होते आणि महिनाभर चालते. मुलींच्या घरून या बेताला परवानगी मिळण्याची शक्यता फारशी नाही. गाडगेबाबांनी याच यात्रेत पशुहत्येविरुद्ध कीर्तने केली होती आणि आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे, याची आठवण वाशीमवालीने करून दिल्यावर मटणाचा विषय तूर्त मागे पडला आहे.

परीक्षेच्या दिवसांत धारणीवाल्याच्या आईचा निरोप आला. होळीला सगळ्यांनी यावे. तिकडे होळी पाच दिवस चालते, मेघनाथाची पूजा होते, आणि बायका रस्ता अडवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फगवा मागतात. तेव्हा खाली गेलेली माणसेही परत आलेली असतात आणि दोन्ही ओळींतली सगळी दारे उघडी असतात, त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामाने भागणार नाही, पाचही दिवस राहावे लागेल, असे तिने बजावले आहे. आम्ही तिघींनी रजेचा अर्ज आणून ठेवला आहे. ‘गावी जाण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहायचे, यावर निंबाखाली रोज चर्चा होते, आणि रेक्टर मॅडमना अजून कोणी काही सांगितलेले नाही.